गरोदरपणात घरी काय प्यायचं, कसं करायचं : पाण्यापासून आंबिलीपर्यंत

धाकट्या जावेला पाचवा लागलाय आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल. सासूबाई म्हणतात सब्जा घे, समोरच्या काकू म्हणतात रोज शहाळं पी बाळ गोरं होतं, मोबाईल म्हणतो बीटाचा ज्यूस, आणि ती बिचारी माझ्याकडे येऊन विचारते, "ताई, मी नक्की पिऊ काय?" माझी दोन बाळंतपणं झालीत, माहेर चिपळूणचं त्यामुळे कोकम रक्तात आणि सासरी येऊन ज्वारीची आंबील शिकले. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात एका नातेवाईकांकडे हळदीकुंकवाला गेले, तिथे मस्त मसाला ताक होतं, दोन ग्लास प्यायले आणि रात्रीपासून जुलाब. सलाईन लावावं लागलं. मी डॉक्टरबाईंना म्हटलं अहो ताकच प्यायले, बाहेरचं काहीच खाल्लं नाही, तर त्यांनी विचारलं ताकात पाणी कुठलं होतं, बर्फ कुठला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून माझं डोकं असंच चालतं, पेय कुठलं हे नंतर, आधी पाणी कुठलं, दूध तापवलंय का आणि करून किती वेळ झाला हे तीन प्रश्न.

पाणी, ह्यात कंटाळा नको

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, मग पिंप भरायचे, हंडे भरायचे, आणि साठवलेलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्याचा भरवसा नाही. गरोदरपणात ह्याची एवढी भीती का, तर दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ई. बाकीच्यांना ती झाली तर बहुतेक वेळा आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवावर बेतू शकते. टायफॉईड आणि जुलाब आहेतच.

पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यायचं, मग उकळायचं. उकळायचं म्हणजे वाफ आली की गॅस बंद असं नाही, खळाखळा बुडबुडे यायला लागले की त्यानंतर पूर्ण १ मिनिट. झाकण ठेवून त्याच पातेल्यात गार करायचं, दुसऱ्या भांड्यात ओतताना ते भांडं धुतलेलं आणि कोरडं पाहिजे. माठात भरायचं असेल तर खुशाल भरा, माठाचं पाणी मला फ्रिजपेक्षा आवडतं, पण माठ दोन-तीन दिवसांनी आतून घासून धुवायचा आणि नळाचा माठ घ्यायचा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं, पेला बुडवायचा नाही कारण पेल्याबरोबर बोटंही बुडतात. बर्फ हवा असेल तर ह्याच पाण्याचा घरच्या ट्रेमध्ये लावा. आणि ते २० लिटरचे थंड जार येतात ना, त्याला सगळे मिनरल वॉटर म्हणतात, पण कुठून भरलं कोणाला माहीत, ते सुद्धा उकळूनच.

किती प्यायचं ह्याचं मोजमाप सगळ्यांना एक लागू पडत नाही. साधारण ८ ते १० ग्लास धरा, उन्हाळ्यात जास्त, आणि खरी खूण म्हणजे लघवीचा रंग, फिकट असली की बरोबर, गडद पिवळी असली की कमी पडतंय. फक्त आयर्नच्या किंवा बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी रंग बदलतो, त्यामुळे तेवढं लक्षात ठेवून बघा.

मिक्सरबद्दल एक सांगते कारण हे कोणी सांगत नाही. भांड्याच्या पात्याखाली जे रबर असतं ते काढून बघा एकदा. परवाचं खोबरं, कालची चटणी सगळं तिथे. मी जावेकडचं काढलं तर आम्ही दोघी नाक दाबून बाहेर. रबर काढून गरम पाण्याने धुवून वाळवायचं, नाहीतर उकळलेलं पाणी आणि तापवलेलं दूध वापरून उपयोग शून्य.

आणि वेळ. दूध, दही, खोबऱ्याचं दूध, फळांचा गर असलेलं काहीही २ तासांवर बाहेर ठेवायचं नाही, पारा ३२ च्या वर असेल तर १ तास. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे तासच.

ताक

दूध आधी. पिशवीचं पाश्चराईज्ड असलं तरी एक उकळी द्यायचीच, गवळ्याचं असेल तर विषयच नाही. धारोष्ण दूध ताकदीचं असतं म्हणून गावाकडे आग्रह करतात, प्रेमाने करतात, पण कच्च्या दुधातून लिस्टेरिया, ब्रुसेला असले जंतू येतात आणि त्यातून गर्भपातही होऊ शकतो, म्हणून हात जोडून नाही म्हणायचं.

घरच्या विरजणाचं ताजं दही १ वाटी घ्या, आदल्या रात्रीचं, चार दिवसांचं आंबट नको. त्यात ३ ते ४ वाट्या पाणी, आणि इथेच सगळे चुकतात, दूध तापवलेलं असतं पण घुसळताना पाणी सरळ नळाचं घेतात. उकळून गार केलेलंच घ्या. रवीने घुसळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, मीठ चिमूटभर, कोथिंबीर घालायची असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या कारण पानाला माती असते आणि मातीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो. बीपी जास्त असेल तर मीठ जवळजवळ नको, त्याऐवजी जिरं आणि आलं वाढवा. दुपारच्या जेवणासोबत एक ग्लास, उरलेलं फ्रिजमध्ये, आणि ते संध्याकाळपर्यंत संपवायचं.

आंबील, माझ्या मते उन्हाळ्यातलं सगळ्यात भारी

नाचणीची किंवा ज्वारीची, दोन्ही चालतात. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात मिळणं मुश्किल. पण आपण एका वेळी घेतो २ मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम, म्हणजे ७० मिलीग्रॅम, म्हणून आंबील पिते तर कॅल्शियमची गोळी बंद असं कोणी करू नका. जावेने विचारलंच होतं.

रात्री २ मोठे चमचे पीठ अर्धी वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात ६ ते ८ तासांत छान आंबूस वास येतो, थंडीत जास्त वेळ लागतो. वास आंबूस पाहिजे, कुजका नाही, वर रंगीत बुरशी दिसली तर सरळ फेकायचं, वरचं काढून खालचं वापरू असली काटकसर नको. सकाळी दीड वाटी पाणी उकळत ठेवा, उकळलं की गॅस बारीक करून पीठ धारेने सोडा आणि एका हाताने ढवळत राहा, थांबलात की बुडाला लागलीच म्हणून समजा. ६-७ मिनिटांत कच्चट वास जाऊन चकाकी येते, पळीवरून सरसर पडली पाहिजे, घट्ट झाली तर गरम पाणी घाला. मीठ, जिरेपूड, आलं किसून उकळतानाच घाला. लसूण आवडत असेल तर ठेचून तोही उकळतानाच.

पूर्ण गार झाली की मग ताक घालायचं, गरम असताना घातलं की फाटतं. आणि इथे परत तोच मुद्दा, पीठ आंबवल्यावर शिजलं म्हणून बिनधास्त, पण ताक वरून कच्चंच पडतंय, म्हणून ताक चांगलं असायला हवं. ज्यांना सकाळी मळमळतं त्यांना ही गार आंबील पोळीभाजीपेक्षा जास्त टिकते पोटात, निदान मला टिकली.

कोकम, लिंबू, पन्हं

माहेरचा विषय आला की मी लांबण लावते, आवरतं घेते. १०-१२ आमसुलं धुवून १ वाटी कोमट पाण्यात २ तास भिजवा, हाताने कुस्करून गाळा, त्या अर्काचे २ मोठे चमचे ग्लासभर पाण्यात, जिरेपूड, चिमूटभर सैंधव आणि साखर १ चमचा. बाटलीतलं वापरणार असाल तर लेबल बघा कारण आगळ आणि अमृतकोकम ह्यात जमीन-अस्मानाचा फरक, आगळात मीठ ठासून भरलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ घालूच नका, आणि अमृतकोकम म्हणजे साखरेचा पाक, शुगर असेल तर नकोच. सोलकढी आवडत असेल तर नारळाचं दूध ताजं काढून जेवताना लगेच संपवा, ते लवकर नासतं.

लिंबू सरबतात काही शिकवण्यासारखं नाही, पण ते कधी प्यायचं हे महत्त्वाचं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी देतात तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. ही गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या सरबताबरोबर घेतली की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागायला मदत होते. चहा, कॉफी, दूध, ताक, आंबील आणि कॅल्शियमची गोळी ह्या सगळ्यांपासून मात्र लांब, २ तासांचं अंतर धरा. किती बायका सकाळी चहाबरोबर ती गोळी ढकलतात आणि मग म्हणतात एवढ्या गोळ्या खाल्ल्या तरी हिमोग्लोबिन वाढत नाही!

पन्ह्यासाठी कैरी उकडून गर काढायचा, गूळ किंवा साखर, वेलची, मीठ. छान लागतं, पण त्यात गोड किती पडतं ते एकदा चमच्याने मोजा, म्हणजे आठवड्यातून दोनदाच का ते कळेल. आणि गुळाची साखर ही साखरच असते, शुगरच्या बाबतीत गूळ काही सवलत देत नाही.

दूध, सातू, कढण

दोन बिया काढलेले खजूर आणि ५ भिजवून सोललेले बदाम थोड्या दुधात वाटायचे, उरलेलं ग्लासभर दूध उकळत ठेवून त्यात हे घालून एक उकळी द्यायची, रात्री कोमट प्यायचं. साखर लागतच नाही. केशराच्या दोन-चार काड्या घातल्या तर स्वाद येतो, बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, रंग आई-बापाकडून येतो, शहाळ्याचंही तेच. केशर जास्त मात्र घालू नये. शेवटच्या महिन्यात दुधात तूप घालून प्यायलं की बाळंतपण सोपं होतं असंही म्हणतात, तसं काही नसतं, वजन तेवढं वाढतं. आणि दुधात एरंडेल तर कोणी कितीही अनुभवी बाईने सांगितलं तरी नाही.

सातूचं पीठ असेल घरात तर ३ चमचे गार दुधात कालवा, भाजलेले गहू आणि डाळव्याचं असल्यामुळे पोट भरतं.

मुगाचं कढण मला फार आवडतं आणि ते मागे पडलंय. २ मोठे चमचे मूग धुवून ३ वाट्या पाण्यात कुकरला ४-५ शिट्ट्या, घोटून पातळ करा, तुपात जिरं-हिंगाची फोडणी, मीठ, वरून लिंबू. गाळून पाणीच पिऊ नका, मुगासकट प्या, प्रथिनं त्यात आहेत. ज्यांना शुगर निघालीय त्यांच्यासाठी संध्याकाळी चहा-बिस्किटाऐवजी हे बेस्ट.

शुगरवरून आठवलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा त्याच्या वर आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात. तसं निघालं तर फळांचे ज्यूस, ऊस, पन्हं, सरबतं बंद, शहाळंही डॉक्टरांना विचारून, आणि बिनसाखरेचं ताक आणि कढण ह्यांवर भर. आंबील चालते पण ती धान्याचीच आहे, जेवणातल्या भाकरीच्या हिशोबात धरायची. खरं तर शुगर नसली तरी ज्यूसपेक्षा फळ चावून खाल्लेलं बरं, तीन संत्री खायला जीव कंटाळतो पण तीन संत्र्यांचा ज्यूस दोन घोटांत संपतो. आणि बीटाबद्दल, रंग लाल म्हणून त्याने रक्त वाढतं असं नाही, लोह त्यात अगदी थोडं असतं. आवडत असेल तर सोलून, उकडून घ्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

पहिले तीन महिने, मळमळ

एकदम ग्लासभर काही प्यायचंच नाही. अर्धा इंच आलं ठेचून कपभर पाण्यात ५ मिनिटं उकळा, गाळून गार करा, लिंबू पिळा, चिमूट मीठ, आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट. जेवताना पाणी कमी, दोन जेवणांच्या मध्ये जास्त. गार गोष्टींना वास कमी येतो म्हणून त्या पोटात राहतात.

हे नको

उसाचा रस मला जीव की प्राण, पण चरकावरच्या माश्या आणि तो बर्फ आठवा. बर्फाचा गोळा तसाच. नीरा सकाळी गोड असते पण उन्हात तासागणिक आंबून तिच्यात दारू तयार होते, म्हणून नको. आसव-अरिष्टं घरात असतात, ती आंबवूनच बनतात आणि त्यांत अल्कोहोल असतं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाहीत. कोरफडीचा रस नको. दुधीचा कच्चा रस मी कोणालाच सुचवत नाही, कडू दुधी विषारी असतो, रसाचा घोट कडू लागला तर तिथेच थुंकायचा. कच्चं अंडं घातलेला मिल्कशेक, कच्च्या पपईचं काहीही, एनर्जी ड्रिंक, ज्येष्ठमधाचे रोजचे काढे, हे सगळं बाजूला. अहळीव बाळंतपणानंतरच, आपल्याकडे आधी देतच नाहीत. सब्जा थोडासा, चमचाभर, पूर्ण फुलवलेला असेल तर चालतो असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सासूबाईंचाही मान राहिला.

चहा सोडायची गरज नाही. कॅफिन दिवसाला २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायचं, घरचा छोटा कप चहा साधारण ३० ते ५० चा, कॉफी त्याहून बरीच जास्त, कोल्ड्रिंकमध्येही असतं. दोन कप चहा प्या निवांत, फक्त जेवणाला आणि लाल गोळीला चिकटून नको.

शहाळं डोळ्यांसमोर फोडून घ्या आणि तिथेच प्या, पिशवीत भरून घरी आणलेलं दुपारपर्यंत ठेवू नका. किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको, पोटॅशियम जास्त असतं.

जुलाब-उलट्या लागल्या तर

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाकायची, अर्धी पुडी अर्धा लिटर असं करायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, अंदाजपंचे नाही.

पण दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल, ८ तास लघवी झाली नसेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर घरगुती काही करत बसायचं नाही. तोंड-हात सुजलेत, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, ह्याला शहाळं हे औषध नाही, ते बीपी असू शकतं. सरळ दवाखाना, गाडी नसेल तर १०८ ला फोन.

जावेचा आता असा दिवस असतो, सकाळी आंबील, अकराला लिंबूपाणी आणि लाल गोळी, दुपारी जेवणाबरोबर कॅल्शियम आणि ताक, चारला चहा, सहाला कढण, रात्री जेवताना कॅल्शियमची दुसरी गोळी आणि झोपताना दूध. मध्ये मध्ये पाणी. फ्रिजच्या दारावर तिने कागद चिकटवलाय आणि खाली दिरांच्या अक्षरात लिहिलंय, पाणी उकळणे : मी. रोज रात्री साडेदहाला तो माणूस गॅससमोर उभा राहून बुडबुडे आल्यावर मोबाईलवर एक मिनिट लावतो.